जपाननाथाची खोळ

जपाननाथाला बैलगाडीत बसवून मिरजगावच्या बाजारात मिरवायचं, असं बोरवाडीच्या तरुण मंडळाने ठरवलं, तेव्हा गहिनीनाथ नाईक चावडीच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याने बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. सगळ्यांचे कान रेडिओला लागले होते, आणि रेडिओ सकाळपासून एकच बातमी आळवत होता, की राजस्थानच्या वाळवंटात, जमिनीच्या पोटात, भारताने अणुस्फोट केला. शांततेसाठी केला.

"शांततेसाठी म्हंजी कसा, गुरुजी?" कुणीतरी विचारलं.

राधाकृष्ण गुरुजी वाडीच्या शाळेतले एकुलते एक मास्तर. त्यांना न येणारा प्रश्न बोरवाडीत अजून जन्मला नव्हता. ते म्हणाले, या स्फोटाने कालवे खणता येतील, डोंगर फोडता येतील, तळी करता येतील. झालं. दोन वर्षांमागच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून हाताची सालटी काढून घेतली होती, त्यांनी लगेच मनातल्या मनात आपल्या माळावर एक अणू पुरला आणि पाझर तलाव एका दमात उरकून टाकला. त्यांना हसण्यात अर्थ नाही. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी गिळून ज्यांनी दिवस काढले, त्यांना एक दिवस छाती पुढे काढून चालावंसं वाटलं तर त्यात चुकलं काय?

सगळ्यात जास्त छाती फुगली होती ती दगडूची. दगडू म्हणजे गहिनीनाथाचा एकुलता एक मुलगा आणि मंडळाचा अध्यक्ष. "एकाहत्तर सालात अमेरिकेनं आरमार धाडलं आपल्याला दम द्यायला," तो ओट्यावर उभा राहून म्हणाला. "आता धाडून दाखवा म्हनावं. आता कुनाची टाप न्हाई आपल्याकडं वाकड्या नजरंनं बघायची. आन मिरवनूक आपल्यासारखी कुनाचीच निघनार न्हाई. बॉम्बच्या आगीतनं वाचलेला देव साऱ्या हिंदुस्थानात एकच, आन तो आपल्या वाडीत हाय."

माना डोलल्या. गाडीत देव, पुढे हलगी, मागे लेझीम, नगरहून आणलेले ॲटमबॉम्ब फटाके, आणि बाजारतळावर नाईकांचं भाषण, असा सगळा बेत तिथल्या तिथे ठरला. नाईकांनी हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलेलं. असा दुसरा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात सापडायचा नाही.

"काय तात्या, बोलाल ना?" दगडूने विचारलं.

"बघू," गहिनीनाथ म्हणाला आणि उठून घराकडे निघाला.  

आता हा जपाननाथ कोण, ते सांगायला हवं. गहिनीनाथाच्या रानात, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर एक कडुलिंब आहे. त्याच्या बुडाशी हातभर उंचीचा, शेंदराने माखलेला दगड. नाक, डोळे, हात काही दिसत नाही. वर गोल, खाली रुंद, असा नुसता शेंदराचा गोळा. हा मुलूख नाथांचा. तिकडे मढीला कानिफनाथ, आणि वाटेवाटेवर नाथांच्या पाऊलखुणा. इथे कुठल्याही अनोळखी देवाला नाथ म्हटलं की तो घरचा होऊन जातो. हा जपानातून आला, म्हणून जपाननाथ.

तो कसा आला ती गोष्ट वाडीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होती, कारण गहिनीनाथाने ती याच लिंबाखाली बसून वर्षानुवर्षं सांगितली होती. दुसरी लढाई संपल्यावर मराठा पलटण जपानात पहाऱ्याला गेली, तीत गहिनीनाथही होता. एक दिवस रेशनचा ट्रक घेऊन ते हिरोशिम्यातून निघाले होते. शहर म्हणून काही उरलंच नव्हतं. कुळव फिरवलेल्या रानासारखं मैलोन्‌मैल सपाट. बाटल्या वितळून त्यांचे गोळे झालेले. एका जागी बँकेची लोखंडी तिजोरी उभी, आणि भोवती बँक नाही. आणि त्या राखेत हा देव. एका अंगाने भाजलेला, पण उभा. गहिनीनाथाच्या मनात आलं, या देवाला आता दिवाबत्ती करायला कुणी उरलं नाही. त्याने हात जोडले, देवाला ब्लँकेटात गुंडाळलं आणि बोटीने सत्तेचाळीस साली घरी आणलं.

इथे गोष्ट संपायची. ऐकणारे "धन्य हाय नाईक" म्हणायचे, आणि चहा यायचा.

गहिनीनाथाची बायको राहीबाई. तिची त्याआधी दोन लेकरं गेली होती, एक पाचवी पुजायच्या आत आणि एक दात येताना. नवरा देव घेऊन आला आणि वर्षभरात दगडू झाला. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे मुलाला दगडू, धोंडू असलं नाव ठेवायची रीत होतीच, आणि इथे तर खुद्द दगडानेच दिलेला. दगडू जगला, वाढला, पैलवानासारखा झाला. मग काय, ही वार्ता पंचक्रोशीत पसरली. ज्यांची मुलं राहत नव्हती त्या बाया लांबलांबून लिंबाखाली येऊ लागल्या. शेंदूर-तेल चढवायच्या, फांदीला वीतभर लाकडी पाळणा बांधून जायच्या. कितीजणींची मुलं जगलीही. आता दगडूची बायको पुष्पावती सातव्या महिन्यात होती. तिचं पहिलं हाती लागलं नव्हतं, म्हणून राहीबाई रोज दिवेलागणीला जपाननाथापुढे पदर पसरत होती.

पण गोष्टीचा एक तुकडा गहिनीनाथाने कधीच कुणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही.

ट्रक त्या दिवशी थांबला तो इंजिन तापलं म्हणून. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गेला आणि गहिनीनाथ पाय मोकळे करायला खाली उतरला. चार पावलांवर तो दगड उभा होता. भोवतालची जागा झाडलेली होती. सगळीकडे राख आणि कौलांचा चुरा, आणि तेवढाच खाटेएवढा तुकडा अंगणासारखा लख्ख. दगडाच्या गळ्यात लहान मुलाला बांधतात तसं लाल लाळेरं होतं, धुतलेलं. पुढ्यात एक रिकामी वाटी. झाडलेली जागा म्हणजे झाडणारं कुणीतरी आहे, हे शेतकऱ्याच्या पोराला काय सांगायला हवं? गहिनीनाथाला ते दिसलं होतं. दिसूनही त्याने कानाडोळा केला. दुसरं लेकरूही गेल्याचं त्याला घरून नुकतंच कळलं होतं, आणि डोक्यात एकच घोळत होतं, की असल्या आगीत जो देव टिकला, तो आपल्या घरात आला तर आपलं पोर धरून ठेवील.

ट्रक सुरू झाला तेव्हा दगड त्याच्या मांडीवर ब्लँकेटात होता. त्याने मागे वळून पाहिलं. राखेतून एक बाई चालत येत होती. दोन्ही हातांत भांडं धरलेलं, आणि सांडू नये म्हणून पाऊल जपून टाकत होती. त्या झाडलेल्या जागेपाशी ती आली आणि थांबली. ओरडली नाही, इकडेतिकडे पाहिलंही नाही. भांडं हातात धरून नुसती उभी राहिली. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या असत्या तर ट्रक थांबला असता. गहिनीनाथाने त्या मारल्या नाहीत.

तरी तोवर, देव समजून आणला, असं मनाला सांगता येत होतं. तीही सोय राहिली नाही. छावणीत कपडे धुणारा एक म्हातारा जपानी होता. एकदा त्याला खाटेखालचा दगड दिसला. म्हातारा गुडघ्यांवर बसला. त्याने हाताने जमिनीपासून वर एवढंसं पोर दाखवलं. मग आभाळाकडे बोट केलं, दोन्ही हात फाकवले. मग ओंजळ तोंडाशी नेली, आणि मान हलवली. छावणीत उचललेल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला, वॉटर, वॉटर. पोरं पाणी मागत मेली. मेलेल्या पोराच्या नावाने आई असा दगड ठेवते आणि त्याला पाणी देते.

हिरोशिमा तिथून ट्रकने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. रेशनचा ट्रक दर आठवड्याला जात होता. गहिनीनाथाने म्हाताऱ्याच्या हातावर सिगारेटचं पाकीट ठेवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. लाल लाळेरं त्याने परतीच्या बोटीवरून समुद्रात टाकलं, आणि वाडीत पाऊल ठेवायच्या आधी दगडाला नाक-डोळे बुजतील असा शेंदूर फासला.

त्यानंतरचं पाप त्याने घरी येऊन केलं, आणि ते त्याला अलीकडेच कळू लागलं होतं. ती बाई गोष्टीतून वगळायची, तर तिची जागा कशाने तरी भरायला हवी. ती त्याने बॉम्बने भरली. दर साली बॉम्ब थोडा मोठा व्हायचा, उजेड थोडा जास्त पडायचा, पोरं तोंडाचा आ वासून ऐकायची. त्यांत सगळ्यात पुढे मांडी घालून बसायचा तो दगडू.

बाजाराच्या आदल्या दिवशी बापाने एक प्रयत्न करून पाहिला. दगडू अंगणात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता.

"दगडू, देवाला शिवंच्या भाईर न्हेत न्हाईत बाबा," गहिनीनाथ म्हणाला. "हितंच नारळ फोडा."

"तुमी समिंदरापल्याडनं आनला, तवा कुठं शीव आडवी आली?" दगडू हसत म्हणाला.

"गाडीत हादरं बसत्यात. लिंबाखालचा देव हलवू नये."

"अख्खं शहर खाक झालं तवा हलला न्हाई, आन मिरजगावच्या सडकंला हलंल व्हय?" मग तो हात पुसत बापाजवळ आला. त्याचा आवाज खाली आला होता. "तात्या, खरं सांगू का? तुमी गोष्ट सांगायचा तवा मी रातरात जागा असायचो. एका बॉम्बनं एवढं व्हतंय, मग ह्यो आपल्याकडं असता तर. तवापास्नं वाट बघत हुतो मी. परवा रेडिओवर ऐकलं आन पैलं तुमीच डोळ्यापुढं आला. ही मिरवनूक तुमची हाय, तात्या. माझी न्हाई."

 पोराने दिलेला मान गहिनीनाथाच्या काळजात रुतत होता. आपण त्या आईचं पोर उचलून आणलं, आणि वर आपल्या पोराच्या मनात तीच आग पेरली. उद्या हलगी वाजवत त्या मेलेल्या लेकराला त्याच्याच मरणाच्या आनंदात मिरवायचं, आणि पुढे उभं राहून भाषण आपण करायचं. हे थांबवायचं तर खरं काय ते घरात, आधी राहीबाईला, सांगावं लागणार होतं. आणि राहीबाईला सांगायचं म्हणजे जिच्या भरवशावर ती इतकी वर्षं उभी होती, ती जमीन तिच्या पायाखालून काढायची, तीही सून पोटुशी असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई वाटीत शेंदूर आणि तेल घेऊन लिंबाखाली गेली. देव मिरवायला निघणार, तर त्याला नवा साज हवा. गहिनीनाथ तिच्या मागोमाग गेला आणि चार हात लांब उभा राहिला.

"उभं काय ऱ्हायलाय? तेल सोडा जरा," ती म्हणाली.

त्याने तेल सोडलं नाही. त्याने सांगितलं. आधी झाडलेली जागा, मग लाळेरं, मग भांडं घेतलेली बाई, मग धोबी. लिंबाखाली बसून रंगवून सांगायची सवय असलेला हा माणूस, पण आज त्याला धड चार वाक्यं जुळवता येत नव्हती. राहीबाईचं बोट वाटीत फिरत होतं. धोब्याने ओंजळ दाखवली तिथे ते थांबलं.

"तिनं पाह्यलं तुमाला?" तिने विचारलं.

"न्हाई. मी पाह्यलं तिला."

"आन गप बसला."

"तुझ्यासाठी आनला गं. दोन गेली हुती आपली."

"माझं नाव घिऊ नका ह्यात," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच गहिनीनाथाला तो सोसला नाही. "माझी दोन गेली, पर कुठं पुरलीत ते मला ठावं हुतं. बांधाकडंला जाऊन बसता तरी येत हुतं. तिच्यापाशी तेवढा एक धोंडा उरला हुता. त्यो बी तुमी उचलला."

तिने वाटी खाली ठेवली. वाऱ्याने वरचे पाळणे एकमेकांवर आपटत होते.

"आन मी काय केलं," ती म्हणाली. "एवढी वर्सं मी ह्याच्याकडं पोर मागत बसले. आन हे सवताच पानी मागत हुतं. मी आपली तेल घालती हाय, तेल घालती हाय. पान्याचा थेंब म्हनून घातला न्हाई."

मग तिने कमरेचं खुरपं काढलं. गहिनीनाथ पुढे झाला, पण तिने हातानेच त्याला थांबवलं. दगडाच्या बुडाशी तिने खुरप्याचं टोक घातलं आणि हलक्या हाताने उचकलं. इतक्या वर्षांचा शेंदूर, थरावर थर बसून त्याची बोटभर जाड खोळ झालेली. ती आधी तडकली, मग एका बाजूने सुटली आणि मोठा पोपडा होऊन मातीत पडली. राहीबाईने पदराचं टोक तेलात बुडवून उरलेलं पुसायला सुरुवात केली. कपाळ आलं, मग मिटलेले डोळे, मग इवलंसं तोंड. डावा गाल करपलेल्या भाकरीसारखा खरबरीत होता. बाकी चेहरा झोपलेल्या लेकराचा.

"हसतंय," राहीबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

त्याच वेळी दगडू आला. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला गुलाल. सडकेवर गाडी जुंपून उभी होती आणि हलगी तापवायचं चाललं होतं. मातीत पडलेली खोळ पाहून तो जागच्या जागी थांबला.

"आई, देवाची खोळ कुनी काढली?"

"मी."

"आगं पन मिरवनुकीच्या दिशी? मानसं खोळंबलीत तिकडं."

"ह्यो देव न्हाई," राहीबाई म्हणाली. "तुझ्या बापाला इचार कोन हाय ते."

दगडूने बापाकडे पाहिलं. गहिनीनाथाने मान वर केली नाही. "बॉम्बमधी मेलेलं पोर हाय कुनाचं तरी," तो म्हणाला. "त्याची आई त्याला रोज पानी आनून द्यायची. मी उचलून आनलं. ती पानी घिऊन आली ते मी ट्रकमधनं पाह्यलं, आन ट्रक थांबवला न्हाई. तू जगावास म्हनून."

दगडू त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. खाली बसला, हात पुढे केला, करपलेल्या गालापाशी नेला आणि लावायच्या आधीच मागे घेतला. लहानपणी गोष्ट ऐकताना त्याने बॉम्ब पाहिला होता, उजेड पाहिला होता, सपाट झालेलं शहर पाहिलं होतं. त्यात माणूस त्याला कुणी दाखवला नव्हता.

"गोष्टीत ही बाई कधी आलीच न्हाई, तात्या," तो म्हणाला.

"न्हाई आली," गहिनीनाथ म्हणाला. मग त्याने सगळा धीर गोळा केला. "मी येतो मिरजगावला. बाजारतळावर हेच सांगतो. सगळ्यांम्होरं सांगतो."

त्याला वाटलं, आता तरी ओझं उतरेल. लोक थुंकले तर थुंकू देत. पण राहीबाईने मान हलवली.

"ते न्हाई करायचं," ती म्हणाली. "त्या वर बघा. किती बायांनी पाळनं बांधल्यात. त्यांची पोरं जगलीत, कुनाची आज ना उद्या व्हनार हायेत. त्यांना काय सांगनार, मेलेल्या पोराकडं नवस बोलला म्हनून? आन घरात पुष्पावती हाय. तुमाला हलकं वाटावं म्हनून तिच्या जिवाला घोर कशापायी?" मग ती मुलाकडे वळली. "मंडळाला सांग, देवाची खोळ उतरली. आता जागचा हलवता यायचा न्हाई. आन तात्यांना बरं न्हाई म्हनावं."

दगडू उठला. त्याला मिरवणूक मोडायची असेल का, कोण जाणे. पण सडकेवर हलगी वाजायला लागली होती, पोरं त्याच्या नावाने हाका मारत होती, आणि तो अध्यक्ष होता. तो गेला. जाताना त्याने बापाकडे पाहिलं नाही.

गहिनीनाथ खाली मान घालून उभा होता. त्याच्यासाठी पुन्हा एक खोटं बोललं गेलं होतं, आणि या वेळी ते त्याच्या बायको-मुलाने बोललं होतं. कबूल करून मोकळं व्हायचं, एवढं साधं सुखही त्याच्या वाट्याला येणार नव्हतं.

"विहिरीवरनं पानी आना," राहीबाई म्हणाली. "आता रोज तुमीच आनायचं. मी न्हाई, सून न्हाई. तुमी."

मे महिना. विहीर तळाला गेलेली. त्याने पोहरा सोडला, गढूळ वर आलेलं निवू दिलं आणि तांब्या भरून घेतला. लिंबाकडे चालताना सांडू नये म्हणून त्याने तांब्या दोन्ही हातांत धरला आणि पाऊल जपून टाकू लागला. अर्ध्या वाटेवर त्याला कळलं की आपण कुणासारखं चालतोय. त्याचे पाय तिथेच थबकले. ती बाई अजून असेल का? असली तर आता आपल्याएवढीच म्हातारी झाली असेल. भांडं घेऊन ती किती वेळ उभी राहिली असेल, आणि ते पाणी तिने शेवटी कुठे ओतलं असेल? हा प्रश्न इतक्या वर्षांत त्याला एकदाही पडला नव्हता, याची त्याला शरम वाटली.

राहीबाईने खोळीचे तुकडे गोळा करून बाजूला ठेवले होते. दगडाभोवतीची जागा झाडून लख्ख केली होती. ती लेकरासमोर बसून होती.

हलगी आता फाट्याच्या पुढे गेली होती. तिथे पोरांनी नगरहून आणलेला पहिला ॲटमबॉम्ब लावला. धडाका असा झाला की लिंबावरचे कावळे उडाले आणि गोठ्यातली गाय दाव्याला हिसके देऊ लागली. गहिनीनाथ दचकला, तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर सांडलं.

राहीबाईने काही विचार केला नाही. तिने पटकन पुढे होऊन दोन्ही तळवे त्या दगडाच्या कानांवर दाबून धरले.

दुसरा बार झाला, तिसरा झाला. तिने हात काढले नाहीत. गहिनीनाथ उरलेलं पाणी घेऊन तिच्यासमोर उभा होता, आणि मिरजगावच्या सडकेवर त्याचा मुलगा भारतमातेचा जयजयकार करत होता. बऱ्याच वेळाने आवाज लांब गेले.

"घाला आता," राहीबाई म्हणाली.

त्याने वाकून पाणी घातलं.